आफ्रिकेला निघताय? तिकिटाआधी यलो फिव्हरच्या लशीचं बघा

मागच्या महिन्यात चुलत बहिणीचा फोन आला. "ताई, ऑगस्टमध्ये आम्ही चौघं मसाई माराला चाललोय, तिकिटं झाली, तू तिकडे चार वर्षं राहिलीस ना, कपडे काय न्यायचे, स्वेटर लागतो का ते सांग." मी म्हटलं स्वेटरचं नंतर बघू, यलो फिव्हरची लस घेतलीत का? तर म्हणाली, "नाही गं, ह्यांनी सगळं वाचून काढलंय, भारतातून थेट केनियाला जाणाऱ्यांना ती लागत नाही."

आता गंमत बघा, तिचा नवरा चुकीचं काहीच बोलत नव्हता. केनिया लस घेतल्याचं कार्ड, म्हणजे सर्टिफिकेट, मागतं ते ज्या देशांत यलो फिव्हर आहे तिथून येणाऱ्यांकडे, आणि भारतात हा आजार नाही, त्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला उतरणाऱ्या माणसाला कागदोपत्री ते लागत नाही. लागतं ते परत येताना. केनियाहून मुंबईत उतरलात आणि व्हॅलिड कार्ड हातात नसेल तर आपलंच सरकार तुम्हाला घरी न सोडता जास्तीत जास्त सहा दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतं. आणि ठेवतात, नुसतं कागदावर नाहीये ते. आठ दिवसांच्या ट्रिपनंतर सहा दिवस डासांची जाळी लावलेल्या खोलीत, पोरांची शाळा बुडाली, ऑफिसची रजा संपली.

नवीन जाणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण नैरोबीत राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची ही कामं कितीतरी वेळा केली, त्यामुळे कुठे अडतं ते चांगलं माहितीये. तब्येतीबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी हे समजून घ्या, म्हणजे बाकीचे नियम आपोआप कळतील

यलो फिव्हर, मराठीत पीतज्वर, हा व्हायरस माणसात येतो डासामार्फत. जंगलात वेगळे डास तो माकडांमध्ये फिरवतात, पण शहरात तो पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, म्हणजे आपला तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, डेंग्यूवाला डास. कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये, गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये होतो तोच. म्हणजे डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, फक्त व्हायरस नाहीये, आणि आपल्या लोकांना याची लस कधीच दिलेली नाही. एक आजारी माणूस मुंबईत किंवा पुण्यात उतरला, त्याला असा डास चावला, तो डास पुढे शेजाऱ्याला चावला की झालं सुरू. डेंग्यू पावसाळ्यात कसा इमारतीच्या इमारती धरतो ते आपण दरवर्षी बघतो.

आणि हा डेंग्यूपेक्षा बराच वाईट आजार आहे. बहुतेकांना ताप, अंगदुखी, उलट्या होऊन तीन-चार दिवसांत बरं वाटतं, पण काहींना एखाद-दुसऱ्या दिवसात पुन्हा जोरात ताप येतो, कावीळ होते (नाव त्यावरूनच पडलंय), लिव्हर आणि किडनीवर येतं, रक्तस्राव होतो, आणि या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी साधारण निम्मे सात ते दहा दिवसांत दगावतात. यावर खास असं औषध नाही. सलाइन, ताप उतरवणं, अवयव सांभाळणं, बस.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर २०१६ मध्ये काय झालं ते बघा. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा, तिथल्या वियाना भागात साथ सुरू झाली, तिथे कामाला असलेले चिनी कामगार घरी परतले, आणि चीनमध्ये ११ पेशंट निघाले, सगळे तिकडूनच आलेले. तिथे पुढे साथ पसरली नाही हे नशीब, पण आशियाच्या दारापर्यंत तो आला होता. केनियातसुद्धा मार्च २०२२ मध्ये इसिओलो काउंटीत साथ जाहीर झाली होती, आणि सांबुरूच्या सफारीला जाणाऱ्या गाड्या इसिओलो गावातूनच जातात.

मग आता नियम बघा. डास चावल्यापासून आजार दिसायला लागतात तीन ते सहा दिवस, म्हणून क्वारंटाइन सहा दिवसांचं. लस घेतल्यावर अंगात पुरेशी ताकद यायला साधारण दहा दिवस, म्हणून सर्टिफिकेट दहा दिवसांनी व्हॅलिड होतं. ते कार्ड म्हणजे जितकं तुमच्यासाठी तितकंच तुमच्या सोसायटीतल्या सगळ्यांसाठी आहे. मी हे कार्ड काढायला कुणालाही सांगते ना, तेव्हा आधी हेच सांगते.

पहिलं काम: रूट कागदावर लिहून काढा

नुसतं "केनियाला जातोय" असं नाही चालत. कुठून कुठे, कुठे विमान बदलतंय, मध्ये किती तास थांबताय, रस्त्याने कुठली बॉर्डर ओलांडताय, आणि परत कुठून येताय, हे सगळं लिहा.

उदाहरण देते. पुष्कळ टूरमध्ये केनिया आणि टांझानिया एकत्र असतात, नैरोबीहून नामांगा बॉर्डर ओलांडून अरुषा, सेरेंगेटी, मग झांझिबार. भारतातून थेट टांझानियाला गेलात तर एक गोष्ट, पण केनियातून टांझानियात शिरताना ते कार्ड मागतात, कारण आता तुम्ही यलो फिव्हरच्या देशातून येताय. साउथ आफ्रिकेचंही तसंच, मुंबईहून थेट किंवा दुबईमार्गे गेलात तर प्रश्न नाही, पण आधी केनिया करून मग केपटाउनला गेलात तर कार्ड हवं.

ट्रान्झिटबद्दल खूप विचारतात. मुंबईहून अदिस अबाबामार्गे पुढे जाणारी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात, पण इथिओपिया यलो फिव्हरच्या देशांच्या यादीत आहे. बरेच देश अशा विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबला असाल तर कार्ड मागतात. भारताचा नियम असा की ट्रान्झिटच्या पूर्ण वेळात तुम्ही विमानतळाच्या बाहेर पडला नसाल तर सूट मिळू शकते, पण ती हेल्थ ऑफिसरला पटली तर. म्हणजे तुमच्या हातात काही नाही. माझं स्पष्ट मत, अदिसमार्गे किंवा नैरोबीमार्गे कुठेही जाणार असाल तर लस घेऊनच टाका, एकदाच घ्यायची आहे.

आफ्रिकेतले युगांडा, नायजेरिया, घाना, काँगो, कॅमेरून, अंगोला, आणि पलीकडे साउथ अमेरिकेतले ब्राझील, पेरू, कोलंबिया, इक्वेडोर, बोलिव्हिया असे बरेच देश या यादीत येतात. यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या साइटवरची ताजी यादी बघा. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जाऊ नका. आणि जहाजावर नोकरीला लागणारी आपल्या कोकणातली, गोव्यातली पोरं, तुमचं जहाज कुठल्या बंदराला लागेल हे तुम्हालाही आधी माहीत नसतं, तुम्ही तर हे कार्ड पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या आधीच काढून ठेवा.

दुसरं: तारखा उलट्या मोजा

आमच्या मावशी आणि काकांचं काय झालं ते सांगते. डिसेंबरमध्ये ते आमच्याकडे नैरोबीला येणार होते, २० तारखेचं विमान, २९ ला परत. एजंटने सांगितलं लस लागत नाही (वर लिहिलं तसंच, जायला लागत नाही, हे तो अर्धंच बोलला), आणि मीही गाफील राहिले, विचारलंच नाही, ही माझी चूक. ८ तारखेला बोलता बोलता विषय निघाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. धावपळ करून स्लॉट मिळाला तो १५ डिसेंबरचा. म्हणजे कार्ड व्हॅलिड २५ पासून. परतीची तारीख २९, हिशोब बसत होता, पण २० च्या मध्यरात्री चेक-इन काउंटरवरच्या मुलीने कार्ड उघडलं, बोटांवर मोजलं, आणि म्हणाली हे आज व्हॅलिड नाही. काकांना समजावता येईना, मावशी रडवेली, मी फोनवर इकडून सांगतेय की अहो परत येतील तेव्हा व्हॅलिड असेल. शेवटी त्यांच्या सीनियरने परतीचं तिकीट बघितलं आणि सोडलं. कार्डाचं भागलं एकदाचं, पण माराला आम्ही गेलो २२ ला, म्हणजे तिथे डास चावले असते तर लशीचं पूर्ण संरक्षण त्या दोघांना अजून आलेलंच नव्हतं. तो विचार मला तीनही दिवस सोडेना, संध्याकाळ झाली की मी त्यांच्या मागे क्रीम घेऊन फिरत होते.

म्हणून मोजायचं ते तिथे पोचायच्या तारखेपासून मागे. दहा दिवस हे कमीत कमी. मी सांगते सहा आठवडे आधी घ्या, कारण स्लॉट लगेच मिळेलच असं नाही, एखाद्या दिवशी लशीचा स्टॉक नसतो, किंवा नेमका त्या दिवशी तुम्हाला ताप असतो आणि पुढची तारीख घ्यावी लागते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या आधी गर्दी असते हे लक्षात ठेवा.

तिसरं: कुठे मिळते

ही लस कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये मिळत नाही, मिळाली तरी त्या कार्डाचा उपयोग नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यायची, तिथलंच सर्टिफिकेट चालतं. मुंबईत विमानतळाची हेल्थ ऑर्गनायझेशन म्हणजे एपीएचओ, आणि बंदराची पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन, ही दोन जुनी ठिकाणं. गोव्यातल्यांना मुरगाव बंदराची. याशिवाय काही सरकारी मेडिकल कॉलेजं आणि हॉस्पिटलांना मान्यता आहे, पूर्ण यादी आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर आहे, आपल्या जवळचं त्यात शोधा आणि जायच्या आधी फोन करून दिवस, वेळ, फी, ऑनलाइन बुकिंग लागतं का हे विचारा. प्रत्येक केंद्राची पद्धत वेगळी आहे. नुसतं उठून जाऊ नका.

लोक चिडतात की हे आठवड्यातून ठरावीक दिवशीच का देतात, इतकेच लोक का घेतात. त्याचं कारण त्या बाटलीत आहे. ही लस सुकवलेल्या पावडरसारखी येते, एका बाटलीत पाच किंवा दहा जणांचे डोस. सिस्टर त्यात द्रावण सोडते, हलकेच फिरवते, आणि एकदा ती विरघळवली की थंड ठेवून सहा तासांत संपवायची, उरली तर फेकायची. मावशींच्या वेळी म्हणे सिस्टरने दहा जण पुरे होईपर्यंत बाटलीला हात लावला नाही, नऊ जण बाकावर बसून दाराकडे बघत होते, दहावा एक मुलगा धापा टाकत आला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बघून हुश्श केलं. जगभरात जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेले या लशीचे उत्पादक फक्त चार आहेत. २०१६ च्या त्या साथीत तर लस इतकी कमी पडली की काँगोच्या किन्शासात एका डोसचे पाच भाग करून लोकांना द्यावे लागले. तेव्हा स्लॉट घेऊन न जाणं हे खरंच वाईट आहे, जमणार नसेल तर आधी कळवा.

आणि बाजारात लस न टोचता नुसतं कार्ड "करून देतो" म्हणणारेही भेटतात. अजिबात घेऊ नका. पकडले गेलात तर काय होईल ते आहेच, पण आजार कार्ड बघून येत नाही हो.

चौथं: आपल्याला चालते का हे डॉक्टरला विचारा

ही जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसची लस आहे. १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी ती तयार केली, त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं. त्यातला मूळ व्हायरस आला १९२७ मध्ये घानातल्या असिबी नावाच्या एका रुग्णाच्या रक्तातून, तो माणूस पुढे बरा झाला, आणि आज जगात कुणालाही टोचली जाणारी ही लस त्याच एका नमुन्याची वंशज आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

जिवंत लस असल्यामुळे सगळ्यांना देता येत नाही. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात, म्हणून अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल (अंड्याने दम लागणं, घसा सुजणं वगैरे) तर सांगायलाच हवं. अंडं खात नाही, शाकाहारी आहे, हे वेगळं, त्याने अडत नाही, मात्र लस अंड्यातून येते हे ज्यांना चालणार नाही त्यांनी आधीच माहीत करून घ्या. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत. गरोदर असाल, किंवा अंगावर पिणारं लहान बाळ असेल, तर ट्रिपच पुढे ढकलता येते का बघा. किमोथेरपी चालू, अवयव बदललेला, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती उतरलेली, स्टेरॉइडचे मोठे डोस, संधिवाताची ती नवीन इंजेक्शनं, थायमस ग्रंथीचा आजार किंवा ऑपरेशन, या सगळ्यात डॉक्टरला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

साठीच्या पुढच्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण सफारीला आपल्याकडची रिटायर्ड मंडळीच जास्त जातात. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर त्रास व्हायची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तरीही ती फार क्वचित आहे, पण शून्य नाही, म्हणून सरसकट "घ्या हो, काही होत नाही" असं म्हणू नये. काका तेव्हा ६४ चे होते. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाच मिनिटं बाजूला बसवून सगळं विचारलं, कुठली औषधं, कधी ऑपरेशन, घरी कुणाला काय, आणि मग "तुम्हाला जायचंच आहे का" असंही विचारलं. काकांना ते लागलं, पण मला त्या बाईंचं फार बरं वाटलं. डायबेटिस आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांनी अडत नाही. गोळ्यांची यादी मात्र कागदावर लिहून न्या, "ती गुलाबी गोळी" म्हणून डॉक्टरला कळत नाही.

डॉक्टर म्हणाले की लस देता येणार नाही, तर तसं कारणासह लेखी पत्र मिळतं. ते पत्र असलं म्हणजे वाट मोकळी असं नाही, ते मान्य करायचं की नाही हे त्या देशाचे आणि परत येताना आपले अधिकारी ठरवतात, क्वारंटाइन होऊ शकतं. अशांनी मी म्हणेन नामिबिया, मॉरिशस, किंवा थेट साउथ आफ्रिका बघा, तिथेही जनावरं आणि समुद्र आहेच.

लशीच्या दिवशी

ओरिजिनल पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स. काहीतरी खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर येते. अर्ध्या बाहीचं घाला. अर्धा मिलिलिटर, दंडाच्या कातडीखाली, एकच सुई, संपलं. नंतर अर्धा तास तिथेच बसा, पळू नका.

मग कार्ड हातात येईल ना, ते तिथेच, टेबलाजवळ उभं राहून वाचा. घरी जाऊन नाही. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव त्याच क्रमाने. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव एक आणि आधारवर दुसरं असं लग्नानंतर बऱ्याच बायकांचं असतं, तिथे पासपोर्टवरचंच लागतं. पासपोर्ट नंबरचा एकेक आकडा बोट ठेवून बघा. तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला हवा, आकड्यात नको, कारण ०५-०६ म्हणजे पाच जून की सहा मे हा घोळ परदेशात होतो. बॅच नंबर, डॉक्टरची हाताने केलेली सही (सहीचा शिक्का चालत नाही), केंद्राचा शिक्का, आणि तुमची स्वतःची सही. खाडाखोड असेल तर नवीन कार्ड मागा, खाडाखोडीने कार्ड रद्द ठरू शकतं असं त्या कार्डवरच छापलेलं असतं.

११ जुलै २०१६ पासून हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. आधी दहा वर्षांचं होतं. जुन्या कार्डवर दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी तेही आता आयुष्यभराचंच धरतात, पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. पासपोर्ट रिन्यू झाला की नंबर बदलतो, तेव्हा जुना रद्द झालेला पासपोर्ट फेकू नका, दोन्ही पासपोर्ट आणि कार्ड एकत्र रबरबँड लावून ठेवा. फोटो काढून स्वतःला मेल करा, पण फोटोवर विसंबू नका, विमानतळावर कागदच मागतात. एकदा परत येताना रांगेत माझ्या पुढे एक तरुण मुलगा होता, युगांडात नोकरी, कार्ड चेक-इन बॅगेत टाकलेलं आणि बॅग पोचलीच नव्हती. त्याचा चेहरा मी विसरले नाही. कार्ड हातातल्या पर्समध्ये, पासपोर्टच्या आत, नेहमी.

लशीनंतर दंड दुखतो, डोकं जड होतं, काहींना आठवडाभरात बारीक ताप येतो, पॅरासिटामॉल चालते. पण पहिल्या दहा-बारा दिवसांत खूप ताप, डोळे पिवळे, किंवा महिन्याभरात मान आखडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, असं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल गाठा आणि लस घेतल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. चार आठवडे रक्तदान नको. आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर दोन्हींमध्ये चार आठवड्यांचं अंतर कसं ठेवायचं किंवा एकाच दिवशी घ्यायच्या का, ते डॉक्टरला विचारून ठरवा, हेही सहा आठवडे आधी सुरू करायचं एक कारण.

बाकीच्या सुया

यलो फिव्हरच्या धांदलीत लोक याच विसरतात, आणि खरं सांगायचं तर ट्रिपमध्ये आजारी पडलेली जी माणसं मी बघितली ती याच नेहमीच्या आजारांनी.

टायफॉइडची लस, एकच सुई, निघायच्या किमान दोन आठवडे आधी. आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकची टायफॉइड कॉन्जुगेट लस ही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली त्या प्रकारातली पहिली, तुमच्या डॉक्टरांकडे मिळेल. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, आपल्या आधीच्या पिढीत बहुतेकांना लहानपणी नकळत होऊन गेलेली असते, पण बाटलीबंद आणि फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना नाही, आणि मोठेपणी झाली तर जास्त त्रास देते, म्हणून विशी-तिशीतल्यांनी डॉक्टरला नक्की विचारा. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांत घेतला नसेल तर आत्ता घ्या. नोकरीसाठी, वर्षभरासाठी जाणार असाल तर हिपॅटायटिस बी आणि रेबीजचंही बोला, आठ दिवसांच्या टूरला सहसा रेबीजपर्यंत जात नाहीत, पण माकडांना खाऊ घालायला जाऊ नका एवढं ऐका.

हज-उमराला जाणाऱ्यांसाठी वेगळंच आहे, तिथे मेंदूज्वराची चार प्रकारांवर चालणारी मेनिंजायटिस लस सक्तीची, पोचायच्या किमान दहा दिवस आधी, आणि त्याचं सर्टिफिकेट बरोबर.

मलेरियाचं मात्र नीट वाचा. प्रवाशांसाठी मलेरियाची लस नाही. आपल्या पुण्याच्या सीरममध्ये बनते ती आर-२१ लस ऑक्सफर्डबरोबर केलेली, जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली, पण ती मलेरियाच्या भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी, तुमच्या-आमच्यासाठी नाही. आपल्याला गोळ्याच. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, पण मोम्बासा, किसुमु, लेक व्हिक्टोरियाकडे चांगलाच आहे. कुठली गोळी ते डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली तर निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज, आणि परत आल्यावर चार आठवडे. हे परत आल्यावरचे चार आठवडे कुणीही करत नाही! घरी आलो, संपलं असं वाटतं आणि पाकीट फ्रिजवर पडून राहतं. "आम्हाला भारतात मलेरियाची सवय आहे" हेही मी किती जणांकडून ऐकलंय, तसं काही नसतं, तिकडचा फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात वाईट प्रकार, दोन-तीन दिवसांत माणूस आडवा करतो.

बाकी अंगभर कपडे, फिकट रंगाचे, डीट (डासांना दूर ठेवणारं औषध) असलेलं क्रीम दिवसाही लावा आणि संध्याकाळीही, कारण एडिस दिवसा चावतो आणि मलेरियाचा डास रात्री. लस घेतली म्हणून क्रीम सुटत नाही. लस एकाच आजाराची आहे.

परत आल्यावर पुढचे दोन-तीन महिने, अगदी साधा वाटणारा ताप आला तरी त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांना आपणहून सांगा की आफ्रिकेतून आलोय, कुठल्या तारखेला आलोय. ते विचारतीलच असं नाही, व्हायरल म्हणून गोळ्या देतील आणि दोन दिवस जातील.

बहिणीला ९ जुलैचा स्लॉट मिळालाय, विमान १४ ऑगस्टचं आहे. धाकटीला अंड्याने लहानपणी एकदा पुरळ आलं होतं, तर तिला आधी तिच्या पीडियाट्रिशियनकडे नेऊन, तो कागद घेऊनच केंद्रात जा असं सांगितलंय. आणि हो, स्वेटर लागतो. माराला ऑगस्टमध्ये पहाटे जीपमध्ये चांगलीच थंडी वाजते.